खाऱ्या हवेवरचा आळ काढलास, सूनबाई

चि. सौ. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या पुण्याच्या घरी न पाठवता सगळ्यांसमोर लिहितो आहे, त्याचं कारण आधी सांगतो. तू माझा बंद पडलेला मॉनिटर सुरू करून दिलास. त्याचे आभार मी त्याच दिवशी ओटीवर उभं राहून मानले होते. पण तू ज्या क्रमाने आणि ज्या सबुरीने दोष शोधलास, तो क्रम आपल्या किनाऱ्यावरच्या सगळ्यांच्याच उपयोगाचा आहे. आपल्याकडे कुठलंही यंत्र बंद पडलं की पहिला आळ खाऱ्या हवेवर येतो, दुसरा पावसावर, आणि तिसऱ्या दिवशी नवीन वस्तूची किंमत विचारायला माणूस बाजारात निघतो. तू आधी पुरावा गोळा केलास. ते सगळ्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

मी मोडी कागदांचं लिप्यंतर करतो हे तुला ठाऊक आहेच, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. खोतीच्या काळातले कागद, कबुलायती म्हणजे लेखी कबुलीचे करार, देवस्थानाच्या नोंदी असं काय काय माझ्याकडे येतं. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, जमिनीचे वाद काही गेले नाहीत, आणि त्या वादांची मुळं मोडीत लिहिलेली आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून तर मोडी वाचणाऱ्याला उसंत नाही. मोडीत दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि लिहिणाऱ्याने हात न उचलता ओळच्या ओळ ओढलेली असते. एका अक्षराने आडनाव बदलतं, कधी गावच बदलतं. असा कागद लॅपटॉपच्या अर्ध्या पडद्यावर उघडून उरलेल्या अर्ध्यात टाइप करणं माझ्या डोळ्यांना आता झेपत नाही. म्हणून स्कॅन मोठ्या मॉनिटरवर आणि देवनागरी मजकूर लॅपटॉपवर, अशी माझी बैठक आहे. मॉनिटर बंद म्हणजे काम बंद. आणि नेमके तेव्हाच एका घराच्या दाव्यातले कागद माझ्याकडे होते, कोर्टाची तारीख गणपती झाल्या झाल्या लागलेली.

लॅपटॉप २०१७ चा. त्याचा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, आणि विंडोज १० च्या नेहमीच्या अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, म्हणून भाच्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घालून दिली होती. ते छान चाललं होतं. मग एक अपडेट आली, लॅपटॉप रीस्टार्ट झाला, आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा मात्र स्वच्छ, जसा काही झालंच नाही. एका दुकानात फोन केला. तिथून सांगितलं, खाऱ्या हवेने पोर्ट खाल्ला असणार, तो नसेल तर फॉरमॅट मारावं लागेल. दुसऱ्या दुकानाने मॉनिटरच बदला म्हटलं. लॅपटॉप दाखवायला न्यावा तर अर्जुना आणि कोदवली नद्यांचं पाणी राजापूरच्या जवाहर चौकात आलेलं.

आणि तू आलीस. तुझा सासरचा पहिला गणपती, घरात गौरीच्या ओवशाची सुपं भरायची गडबड, पाहुण्यांची ये-जा, आणि तू आमच्याकडे आरतीला आलेली. माझ्या टेबलावरचा काळा मॉनिटर बघून तू विचारलंस, “काका, हा बंद का?” मी दुकानदारांचं ऐकवलं. तू म्हणालीस, “आधी चालत होता. मग मधे काय काय बदललं?” एवढा साधा प्रश्न तोवर मला कोणी विचारला नव्हता. अपडेट सोडून काहीच बदललं नव्हतं. मॉनिटर तोच, केबल तीच, टेबलसुद्धा हललं नव्हतं. “मग हवा काय एका रात्रीत खारी झाली?” असं म्हणून तू हसलीस, पण तेवढ्यावर विषय सोडला नाहीस. मोबाइलची बॅटरी लावून तू एचडीएमआयचं पोर्ट आतून तपासलंस, केबलच्या दोन्ही टोकांच्या १९ पिना बघितल्यास. कुठे हिरवट डाग नाही, वाकलेली पिन नाही. ज्या कारणावर तुझा विश्वास नव्हता तेही तू नीट तपासून मगच बाजूला ठेवलंस. हे मला फार आवडलं. जुना कागद वाचतानाही असंच करावं लागतं.

पुढचं तर मी शाळेतल्या पोरांना सांगत असतो. मॉनिटरचा प्लग तू भिंतीतून काढलास, थोडं थांबून पुन्हा लावलास, त्याच्या मेनूत जाऊन इनपुट एचडीएमआयवरच आहे ना ते पाहिलंस. तरी ‘नो सिग्नल’. मग तू आमच्या टीव्हीमागचा डिशचा बॉक्स काढून आणलास आणि तीच केबल त्याला लावलीस. मॉनिटरवर बातम्या दिसायला लागल्या! मॉनिटर चांगला, केबल चांगली, दोन्ही एका झटक्यात सुटले. लगेच तू लॅपटॉप टीव्हीला जोडलास. तिथेही चित्र नाही. म्हणजे जे काही आहे ते लॅपटॉपमध्ये. नवीन मॉनिटर सुचवणाऱ्याचं ऐकलं असतं तर पैसे गेले असते आणि नव्या मॉनिटरवरही ‘नो सिग्नल’च वाचत बसलो असतो.

त्यानंतर तू टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून जे दाखवलंस ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. केबल जोडली की मॉनिटर लॅपटॉपला आपली ओळख पाठवतो, कोणत्या बनावटीचा, किती पिक्सेलचा, सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो. त्या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात हे तू सांगितलंस. मग सिस्टिमला माहीत असलेल्या सगळ्या पोर्टांची यादी तू काढलीस. त्यात फक्त लॅपटॉपचा आतला पडदा होता. एचडीएमआयचं नावच नव्हतं. तू म्हणालीस, “काका, पोर्ट गंजला असता तर यादीत त्याचं नाव आलं असतं आणि पुढे ‘जोडलेलं नाही’ असं लिहिलेलं असतं. इथे सिस्टिमला असं काही पोर्ट आहे हेच माहीत नाही.” खाऱ्या हवेवरचा आळ तिथेच गळून पडला.

मग हे पोर्ट गेलं कुठे? या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. एक प्रोसेसरच्या आतली, ती लॅपटॉपचा पडदा चालवते. दुसरी वेगळी, जास्त ताकदीची, आणि अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं पोर्ट थेट त्या दुसऱ्या चिपला जोडलेलं असतं. दुसरी चिप झोपली की तिचं पोर्टही नाहीसं, आणि पहिली चालू असल्यामुळे लॅपटॉप मात्र ठणठणीत दिसतो. तू चिपांची यादी काढलीस. दुसरी चिप यादीत होती, म्हणजे जळलेली नव्हती. पण तिच्यापुढे कोणता ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्रॅम, चालू आहे ती ओळच नव्हती. पर्यायी मुक्त ड्रायव्हर होता, तोही कंपनीचा ड्रायव्हर घालताना बंद करून ठेवलेला.

इथे बहुतेकांनी काहीतरी पुसायला आणि नव्याने घालायला सुरुवात केली असती. तू एकही गोष्ट न बदलता लॅपटॉप रीस्टार्ट केलास, सुरू होताना एस्केपचं बटण दाबून मेनू आणलास आणि त्यातला आधीचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडलास. अपडेटने नवा कर्नल येतो तेव्हा जुना लगेच पुसला जात नाही, तो या मेनूत थांबलेला असतो, हे तू सांगेपर्यंत मॉनिटर लागलासुद्धा. मी अर्धवट सोडलेला कागद तिथे दिसला तेव्हा आमची ही आतून धावत आली, कारण मी ओरडलो होतो. तू शांत होतीस. “आता कळलं की दोष नव्या कर्नलच्या जोडीने आला. आता तो दुरुस्त करू.” त्या दिवशी तू तिथेच थांबली असतीस तरी माझं काम झालं असतं, मी जुन्या कर्नलवर चालवत राहिलो असतो. तू थांबली नाहीस.

कारण निघालं ते असं. त्या दुसऱ्या चिपचा ड्रायव्हर कर्नलबरोबर येत नाही, तो बाहेरून घातलेला असतो. तुझ्याच शब्दांत, नवा कर्नल म्हणजे नवं माप, त्या मापाने ड्रायव्हर पुन्हा शिवायला लागतो. ते काम डीकेएमएस नावाची व्यवस्था आपोआप करते, पण तिला त्या कर्नलच्या हेडर फायली, म्हणजे त्या मापाची नोंद, लागतात. माझ्या लॅपटॉपवर जुन्या कर्नलच्या हेडर होत्या, नव्याच्या आल्या नव्हत्या, कारण हेडर दर वेळी सोबत आणणारं पॅकेजच घातलेलं नव्हतं. ड्रायव्हर तयार झाला नाही, चिप जागी झाली नाही, पोर्ट दिसलं नाही, मॉनिटर काळा. एका न आलेल्या पॅकेजपायी एवढं सगळं. आमचं नेट गेलेलं होतं म्हणून तू स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिलास, रेंजसाठी तो खिडकीच्या गजावर टेकवून ठेवलास, हेडर उतरवल्यास, ड्रायव्हर पुन्हा तयार होताना दाखवलास. नव्या कर्नलवर रीस्टार्ट केलं आणि दोन्ही पडदे उजळले.

जाता जाता तू आणखी एक तपासलंस, सिक्युअर बूट. माझ्याकडे ते बंद होतं. चालू असतं तर ड्रायव्हर तयार होऊनही ओळखीच्या सहीशिवाय कर्नलने तो आत घेतला नसता, आणि दोष बाहेरून अगदी असाच दिसला असता. ज्यांच्याकडे हेडर असूनही मॉनिटर लागत नाही त्यांनी हे आधी बघावं.

आणि मग तो कागद. घरून बोलावणं आलेलं असताना तू माझ्या वहीचं पान घेऊन सगळा क्रम मराठीत लिहून दिलास. वाडीतल्या बाकीच्यांकडे विंडोज आहे म्हणून त्यांच्यासाठीही मागच्या बाजूला लिहिलंस. विंडोजचं बटण आणि पी दाबून पडदा ‘एक्स्टेंड’वर आहे का बघा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडी कामं जात नाहीत. तरी नाही जमलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करून अपडेटआधीच्या ड्रायव्हरवर जा. फॉरमॅट हा शब्द पानावर कुठेही नाही.

तो कागद मी टाइप करून ज्याला हवा त्याला देतो आहे. चिपळूणला माझे एक मोडीवाले स्नेही आहेत. त्यांचाही मॉनिटर अपडेटनंतर बंद पडला म्हणून त्यांना फोनवरून वाचून दाखवला. त्यांच्या यादीत एचडीएमआयचं नाव होतं आणि पुढे ‘जोडलेलं नाही’ असंही होतं. डिशचा बॉक्स लावला तर चित्र तिथेही येईना, केबल बदलली तेव्हा आलं. त्यांच्या अपडेटचा काही संबंधच नव्हता, नुसता योगायोग. तुझ्या क्रमाने गेल्यामुळेच ते कळलं, नाहीतर ते माझं ऐकून हेडर शोधत बसले असते.

दाव्यातले कागद मी तारखेच्या आधी वकिलांकडे पोचवले. त्या घरातल्या आजी, ज्यांच्या सासऱ्यांच्या नावाची कबुलायत त्यात सापडली, त्यांनी तुझं नाव विचारून घेतलं आहे. त्यानंतर आणखी एक कर्नल अपडेट येऊन गेली. हेडर या वेळी आपणहून आल्या आणि मॉनिटर एकदाही गेला नाही.

एक मागणं आहे. वाडीतल्या मुलांच्या नव्या लॅपटॉपना एचडीएमआय नसतं, नुसतं यूएसबी-सी असतं. दिसायला सारख्या असलेल्या प्रत्येक यूएसबी-सी पोर्टातून चित्र बाहेर येत नाही, एवढं तू म्हणाली होतीस. चित्र देणारं पोर्ट कसं ओळखायचं ते सवडीने लिहून पाठव, म्हणजे कागदाच्या मागच्या बाजूला जोडतो. शिमग्याला याल तेव्हा दाखवलंस तरी चालेल, तोवर मी मुलांना अ‍ॅडॅप्टर घेऊ देत नाही.

तुझा,
वाडीतला मोडीवाला काका