गावच्या लेकीस, मनःपूर्वक आभारांसह

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपण नागपूरला परत गेलात त्या दिवशी घाईत आभार मानायचे राहून गेले, ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आईच्या आजारपणासाठी आपण वर्षभर गावी राहिलात आणि त्या काळात प्रार्थना मंदिरात आम्हा बारा-चौदा बायकांना श्वास आणि पोटाच्या स्नायूंवर भर देणारी पिलाटीस ही व्यायामपद्धत आणि ध्यान असे जे शिकवलेत, ते पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत राबणाऱ्या इतर गावांतील बायकांपर्यंतही पोहोचावे, म्हणून हे पत्र सर्वांसाठी उघडे ठेवून लिहीत आहे.

कापूस वेचणाऱ्या बाईला कंबरदुखी समजावून सांगावी लागत नाही. कंबरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचे, ओटी भरत जाईल तशी ती कंबर पुढे ओढत जाते आणि संध्याकाळी सरळ उभे राहण्याआधी गुडघ्यांवर हात टेकावे लागतात. माझे दुखणे चार हंगामांचे होते. त्याआधी एका दवाखान्यातून इंजेक्शने, कंबरेचा पट्टा आणि ‘शेतातले काम सोडा’ एवढा सल्ला मिळाला होता. साडेतीन एकर कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरात तो कोण पाळू शकेल? आपण तसे म्हणाला नाहीत. आपण शेतात आलात, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर अर्धा तास बसून माझे वाकणे आणि गाठोडे उचलणे पाहिलेत आणि म्हणालात, “काकू, तुम्ही वाकताना श्वास रोखून धरता.” इतक्या वर्षांत हे मला कोणीच दाखवले नव्हते.

पिलाटीस हे नाव मी त्या दिवशी प्रथम ऐकले. हा शहरातील बायकांचा, यंत्रांवरचा महागडा व्यायाम असेल अशीच माझी समजूत झाली होती. परंतु १८८३ साली जर्मनीत जन्मलेले जोसेफ पिलाटीस लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी बेजार होते, पहिल्या महायुद्धात आइल ऑफ मॅन बेटावरील छावणीत कैदेत असताना त्यांनी सोबतच्या बंदिवानांना आपले व्यायाम शिकवले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये आयुष्यभर याच पद्धतीचे काम केले, हे आपण सांगितल्यावर ती विद्या मला परकी वाटेनाशी झाली. तिला ते स्वतः ‘कंट्रोलॉजी’ म्हणत.

पहिला धडा तर अजून डोळ्यांपुढे आहे. आपण मला सतरंजीवर उताणे निजवलेत, गुडघे दुमडायला लावलेत आणि पोटावर बेंबीच्या खालच्या बाजूला पाण्याने अर्धा भरलेला गडवा ठेवलात. श्वास सोडत पोट हळूच आत घ्यायचे, पण गडवा कलू द्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात माझे लुगडे रोज भिजले. पोटाच्या सर्वांत आतल्या थरातील स्नायू पट्ट्यासारखा कंबरेभोवती असतो आणि ओझे उचलण्याआधी तो आवळला तर मणक्यांना आधार मिळतो, हे मला त्या गडव्याने समजले. पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असे दहा वेळा करण्याचा ‘हंड्रेड’ हा व्यायाम आपण आम्हाला डोके सतरंजीवर टेकवूनच करायला लावलात. पाळी गेलेल्या बायकांची हाडे ठिसूळ होऊ शकतात, म्हणून पाठ गोल करून लोळण्याचे प्रकार आम्हा वयस्कर बायकांना आपण मुळीच करू दिले नाहीत. एका वहिनींच्या पायाला मुंग्या येतात हे ऐकताच त्यांचा व्यायाम थांबवून त्यांना आधी डॉक्टरांकडे धाडलेत. शिकवणाऱ्याची ही काळजी मला शिकवण्याइतकीच मोलाची वाटते.

ध्यानाविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या आश्रमाचे गाव मोझरी आमच्यापासून नदीपलीकडेच. महाराजांनी रुजवलेले पहाटेचे सामुदायिक ध्यान आमच्या गावात सासऱ्यांच्या काळापासून चालत आले आहे. मीही तेथे वर्षानुवर्षे डोळे मिटून बसत असे, पण मनात बियाण्याची उधारी, तुरीवरची अळी आणि धाकट्याची फी फिरत राही, आणि ध्यान आपल्याला जमत नाही या खंतीने मी उठत असे. मन भरकटले हे ओळखून त्याला रागे न भरता श्वासाकडे परत आणणे हेच ध्यान आहे, शंभरदा गेले तर शंभरदा आणावे, असे आपण सांगितलेत आणि माझी ती खंत गेली. उधारी तशीच आहे. परंतु रात्री दोनला जाग आली की मी आता हिशेब मांडत बसत नाही, बरगड्यांवर हात ठेवून श्वास मोजते, आणि बहुतेक वेळा पुन्हा झोप लागते.

दुखणे पूर्ण गेलेले नाही, हे प्रामाणिकपणे कळवते. मात्र ओटी अर्धी भरली की ती रिकामी करायची, उठताना श्वास सोडायचा, हे आता अंगवळणी पडले आहे, आणि गेल्या हंगामात पट्टा खुंटीवरच राहिला. मंगळवारी आणि शनिवारी आम्ही अजूनही जमतो. आपल्या आईही दारात खुर्ची टाकून आमचे आकडे मोजतात.

दिवाळीच्या सुमारास आमच्या शेतात सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा होईल. त्या दिवशी आपण यावे, दहीभात खावा आणि पहिल्या वेचणीला धुऱ्यावर बसून माझे वाकणे पुन्हा एकदा तपासावे, ही आग्रहाची विनंती. कळावे, लोभ असावा.

आपली,
पहिल्या ओळीतील काकू
तालुका आर्वी, जिल्हा वर्धा