बाबांसाठी धावलेल्यांचे आभार
बाबांच्या स्वादुपिंडाचा, म्हणजे इन्सुलिन आणि पाचक रस बनवणाऱ्या पोटातल्या ग्रंथीचा, बराच भाग सडला होता. लगेच पोट उघडायचं नाही. सडलेल्या भागाभोवती जाड आवरण धरायला साधारण 4 आठवडे लागतात, तोवर कुशीतून नळी घालून पू काढू, हे आमच्या घायकुत्या काकांना न चिडता पुन्हा पुन्हा समजावणाऱ्या निवासी डॉक्टर मॅडम, तुमचे मनापासून आभार. अन्नासाठी नाकातून आतड्यात गेलेली नळी तुंबली की कोमट पाण्याची सिरिंज हळूहळू दाबून ती मोकळी करणाऱ्या रात्रपाळीच्या सिस्टर, तुमचेही. आतली रक्तवाहिनी फुटली त्या रात्री ओळख ना पाळख, रक्त देऊन चहाही न घेता गेलेल्या पोरांनो, तुम्हाला कुठे शोधू? (बिलाच्या खिडकीबद्दल न बोललेलंच बरं.) बाबा आता इन्सुलिन घेतात, जेवताना एन्झाइमची कॅप्सूल गिळतात आणि तेल कमी म्हणून आईशी भांडतात.