सहा अंश आगाऊ

ती. काका,

सा. न. वि. वि.

तुमच्या बिलावर फक्त 'टायमिंग चेक – ३०० रु.' एवढंच होतं. मी पैसे दिले, तुम्ही ते खिशात टाकले आणि पुढच्या गाडीखाली शिरलात. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून आता चारचौघांत लिहितोय. तुमचा मोबाइल फोन घेण्यापुरताच, त्यामुळे हे ताईच तुम्हाला वाचून दाखवेल. तिने मधलं काही गाळू नये ही विनंती.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं. टायमिंग म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला यायच्या किती अंश आधी प्लगला करंट, म्हणजे ठिणगी, पडते ते. गाडी जुनी एस्टीम, १२९८ सीसी. नाना पेठ आणि जुना बाजार पालथा घालून दोन वर्षांत तिला टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बसवला. प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर काढला, क्रँकवर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर, दात्यांचं चाक लावलं, वेगळा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) घातला. ती रस्त्यावर चालवत नाही, टेम्पोत चढवूनच हलवतो. आरसीत टर्बोची नोंद नाही, तेव्हा तो विषय इथेच मिटला.

पहिला मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल आणि किती अंशांवर करंट द्यायचा याचा ईसीयूतला तक्ता, मी एके ठिकाणी तयार टाकून घेतला होता. तिथे कुणी इंजिनला हातही लावला नाही. वायर जोडली, फाइल टाकली, पैसे घेतले. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या जादा दाबावर), ३५०० आरपीएमच्या आसपास, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला आणि मागे निळा धूर. तीन नंबरच्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटली होती. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक चमकणारे ठिपके होते. ते पिस्टनचंच अॅल्युमिनियम, हे तुम्ही सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं. मी पेट्रोलला शिव्या घातल्या, मॅपवाल्याला घातल्या. इंजिन पुन्हा बांधलं, पण चावी फिरवायचा धीर होईना. तशातच तिला धायरीला तुमच्या दारात आणून टाकली.

मी उत्साहाने स्क्रीन दाखवायला लागलो, तर तुम्ही म्हणालात, "आधी ते मीट." मग टायमिंग गन, म्हणजे करंट पडताच चमकणारा दिवा, लावली. ईसीयूत टायमिंग १० अंशांवर कुलूपबंद केलं होतं आणि लाइटमध्ये पुलीची खूणही बरोबर १० वर. मी म्हटलं, बघा, जुळतंय. तुम्ही गन खाली ठेवली आणि टायमिंग कव्हरवरच्या अंशांच्या पट्टीवर नख मारलं. "ही कुणी चिकटवली?"

मीच. कव्हर जुन्या बाजारातलं, पट्टी तुटलेली. अंदाजाने बसवून गमाने चिकटवली होती.

त्यानंतरचा अर्धा तास मी विसरणार नाही. एक नंबरचा प्लग काढून तुम्ही त्या जागी जुन्या प्लगमध्ये बसवलेला बोल्ट घातलात. क्रँक पान्याने सावकाश फिरवला, पिस्टन बोल्टला टेकला, पुलीवर खडूची रेघ. उलटा फिरवला, पुन्हा टेकला, दुसरी रेघ. दोन्हींच्या बरोबर मध्ये पिस्टनचं खरं वरचं टोक. माझी पट्टी तिथून सहा अंश सरकलेली निघाली. म्हणजे मी १० समजत होतो तेव्हा करंट १६ वर पडत होता, आणि मॅपमधला प्रत्येक आकडा सहाने खोटा होता. तुम्ही नुसतं म्हणालात, "सहा अंश आगाऊ. मालकावर गेलंय."

मला हसू यायला दोन दिवस लागले. सगळा हिशेब डोळ्यांसमोर आला. दाब सगळ्यात जास्त यायला हवा तो पिस्टन वरून खाली निघाल्यावर, साधारण १५ अंशांवर. जाळ पसरायला वेळ लागतो, म्हणून करंट आधी द्यायचा. पण टर्बोने दाबून भरलेलं मिश्रण लवकर जळतं आणि तापलेलंही असतं. त्यात करंट सहा अंश लवकर पडला, तर पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो, आणि कोपऱ्यात उरलेलं मिश्रण जाळ पोहोचण्याआधीच आपणहून भडकतं. तोच माझा खड्यांचा आवाज. मॅपवाल्याची चूक एवढीच की त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

तेवढ्यावर तुम्ही सोडलं नाहीत. पट्टी जागेवर आणून टायमिंग तसंच बांधलेलं ठेवलंत आणि मला ४००० आरपीएमपर्यंत रेस द्यायला लावलीत. हलायला नको होती ती खूण वेग वाढेल तशी मागे सरकत गेली. क्रँक सेन्सरच्या दोन वायरी मी उलट जोडल्या होत्या. गाडी सुरू होत होती, आयडलला शहाण्यासारखी उभी राहत होती, म्हणून मला कधी शंकाच आली नाही. वायरी बदलल्यावर तुम्ही सगळं पहिल्यापासून तपासलंत, कारण वायर बदलली की मूळचा आकडाही हलतो. मग चावी नुसती ऑन करून हवेचा दाब विचारलात. ९५ किलोपास्कल. "पुण्याच्या उंचीला एवढाच पाहिजे," म्हणालात आणि तेव्हा कुठे लॅपटॉप उघडायची परवानगी मिळाली.

भोसरीच्या डायनोवर (गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) तुम्ही गुरुवारची सुट्टी मोडून आलात, त्याचे पैसे बिलात नाहीत. इंजिनच्या आतला आवाज ऐकायला ब्लॉकला चपटी केलेली तांब्याची नळी बोल्टने आवळलेली, पुढे रबरी पाइप आणि टोकाला कानाचे मफ. तिथली पोरं हसत होती. ०.५ बार बूस्टवर मुद्दाम मागे ठेवलेल्या टायमिंगपासून सुरुवात करून आपण एकेक अंश वाढवत गेलो. टॉर्क वाढत होता, मला २० हवे होते. १८ वर तुम्ही हात वर केलात. स्क्रीनवर काहीच नव्हतं. मफ माझ्या कानाला लावलेत तेव्हा ऐकू आला तो बारीक, कोरडा टिकटिकाट. १६ वर थांबलो. मी कुरकुरलो, मग उलट टोकाला जाऊन म्हटलं, दहाच ठेवू, काळजीच नको. त्यावर तुम्ही खरंच चिडलात. फार मागे ठेवलं तर जाळ सिलिंडरमध्ये संपत नाही, एक्झॉस्टमध्ये जातो, मॅनिफोल्ड लाल होतो आणि टर्बो भाजतो. मागे म्हणजे सुरक्षित, हे मी किती जणांना छातीठोकपणे सांगितलं होतं!

तो डिसेंबर होता. "एप्रिलमध्ये दुपारी दोनला परत ये" हे तुमचं वाक्य मला टाळाटाळ वाटलं. आलो. आत येणारी हवा इतकी तापलेली होती की तेच १६ पुन्हा टिकटिकायला लागले. गरम हवेला दोन अंश आपोआप मागे येतील अशी सोय आपण त्या दिवशी केली.

काका, गाडी ठणठणीत आहे. मागच्या आठवड्यात प्लग काढून पाहिले, चारही स्वच्छ, ठिपका नाही. तुमची तांब्याची नळी मात्र माझ्या डिकीत राहिली आहे. येत्या गुरुवारी आणून देतो. माझ्यासाठी एक बनवून द्याल का, तेही तेव्हाच विचारीन.

तुमचा,
आगाऊ एस्टीमवाला