लॉन मोअर घेताना आधी उतार बघा

महोदय,

पावसाळा आला की सोसायट्यांच्या सभेत हिरवळ कापायच्या यंत्राचा विषय निघतो आणि चर्चा किमतीपाशीच अडकते. मी एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालो. आमच्या सोसायटीचा, इंजिनच्या जोरावर पुढे सरकणारा लॉन मोअर सध्या माझ्याच ताब्यात आहे. घेणाऱ्यांनी आधी आपली जमीन बघावी. सपाट हिरवळीला पुढच्या चाकांना गती असलेला मोअर चालतो; पुढची बाजू जरा उचलली की सहज वळतो. चढउतार असेल तर मागच्या चाकांनाच गती हवी. गवताची पिशवी भरली की वजन मागे जाते आणि पुढची चाके जागच्या जागी फिरतात. उतारावर तो आडवाच चालवावा.

देखभालीत लोक पाते विसरतात. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते. मग शेंडे तपकिरी पडतात आणि बोलणी बिचाऱ्या माळ्याला बसतात. पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढलीच पाहिजे, यात तडजोड नाही. मोअर कलंडवताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी, नाहीतर ऑइल त्यात उतरते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा शोषते. म्हणून मोअर महिनोन्महिने पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करावी आणि उरलेल्या पेट्रोलवर इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे.

ओले गवत कापू नये, हे आमच्या अध्यक्षांना अजून पटलेले नाही.

— एक निवृत्त मेकॅनिक, नाशिक