ब्लॉगमंचावर आधी काय करावे: मित्रास पत्र

सोलापूर,
१७ जानेवारी २०२६

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तू चालवतोस त्या आपल्या ब्लॉगमंचावर या वर्षी कोणत्या नव्या सोयी कराव्यात, याची तू पाठवलेली यादी मी लक्षपूर्वक वाचली आणि इकडे आपल्या मंचावर लिहिणाऱ्या चार-दोन मंडळींशी बोलूनही घेतले. (गड्ड्याच्या यात्रेमुळे सगळे गावातच सापडले, हे एक बरे झाले.) यादीतील बहुतेक गोष्टी उपयोगी आहेत, पण त्यांचा क्रम मला पटला नाही. आवडीच्या खुणा (‘लाइक’), लेखकांची क्रमवारी आणि मुखपृष्ठाचे नवे रूप तू वर ठेवले आहेस, आणि लेखकाला आपले सर्व लेखन एकत्र उतरवून (डाउनलोड करून) घेण्याची सोय मात्र ‘सवडीने’ या शेऱ्याखाली गेली आहे. ती सोय सर्वांत आधी व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे.

ब्लॉगला जागा देणाऱ्या सेवा बंद पडतात, विकल्या जातात किंवा त्यांच्या मालकांचे लक्ष दुसरीकडे वळते, आणि त्यात लहानमोठा असा भेद राहत नाही. जिओसिटीज २००९ मध्ये गेले, व्हॉक्स २०१० मध्ये, ट्विटरने विकत घेतलेले पोस्टरस २०१३ मध्ये, आणि लोक ज्यासाठी २००३ पासून पैसे मोजत होते ते टाइपपॅडही गेल्या सप्टेंबरअखेर मिटले. लाइव्हजर्नलची कथा यांहून वेगळी आहे. १९९९ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक याने सुरू केलेली ती सेवा २००५ मध्ये सिक्स अपार्ट या कंपनीकडे आणि २००७ च्या अखेरीस एका रशियन कंपनीकडे गेली. परंतु तिची प्रणाली मुक्त स्रोताची, म्हणजे कोणालाही घेऊन वापरता येण्याजोगी, असल्यामुळे तिथल्याच काही जुन्या कर्मचाऱ्यांना तिच्या आधारे ड्रीमविड्थ उभे करता आले. त्यांनी लेखकांना जुन्या नोंदी प्रतिक्रियांसकट आणण्याची सोय दिली, जाहिराती घेतल्या नाहीत, आणि सशुल्क खात्यांच्या बळावर ते आजही चालते. आपला मंच तुझ्या खिशावर आणि तुझ्या रात्रीच्या जागरणावर चालतो, हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कोणी तोंडावर बोलत नाही, पण ‘सुधीरराव कंटाळले तर आमच्या लेखांचे काय?’ हा प्रश्न मला इथे निरनिराळ्या शब्दांत ऐकायला मिळाला.

उतरवून घेतलेला संच कसा असावा, याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ही सोय नावापुरती करणे फार सोपे असते. वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीला वाचता येईल अशी एक्सएमएल फाइल त्यात असावीच. पण आपले निम्मे लेखक निवृत्त आहेत आणि त्यांना त्या फाइलचा काहीही उपयोग नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक लेखाचे साधे पान, त्यातील छायाचित्रांसह, घरच्या संगणकावर इंटरनेटशिवाय उघडेल अशा रीतीने बांधून दिले पाहिजे. छायाचित्रे संचातच हवीत. मजकुरात आपल्या सर्व्हरचा पत्ता राहिला, तर मंच बंद होताच सगळी चित्रे एका दिवसात नाहीशी होतील. प्रतिक्रियाही द्याव्यात, मात्र प्रतिक्रिया देणाऱ्यांचे ईमेल पत्ते त्यातून वगळावेत, कारण ते त्यांनी तुझ्यावर विश्वासून दिलेले आहेत, ब्लॉगच्या मालकाला नव्हे.

याला जोडूनच लेखाच्या पत्त्याचा प्रश्न येतो. सध्या तू देवनागरी शीर्षकावरूनच पत्ता तयार करतोस. वाचायला ते छान दिसते, पण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकाच्या अक्षरसंकेतात तीन बाइट घेते आणि पत्त्यात त्या प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासह तीन अक्षरे होतात. म्हणजे ‘सोलापूर’ एवढ्या एका नावाची ६३ अक्षरे. व्हॉट्सॲपवर असा पत्ता पाठवला की कित्येकदा समोरच्याला टक्क्यांची लांबलचक माळ दिसते आणि तो फसवा दुवा समजून उघडतच नाही. वर्डप्रेसच्या कोष्टकात तर पत्त्यातील शीर्षकाच्या भागाला २०० अक्षरांची मर्यादा असल्याने देवनागरी शीर्षक बावीस चिन्हांच्या पलीकडे टिकत नाही. म्हणून प्रत्येक लेखाला एक लहान, कायमचा क्रमांक द्यावा आणि तोच खरा पत्ता मानावा. शीर्षक मागाहून बदलले तरी क्रमांक बदलू नये, आणि आजवरचे जुने पत्ते आपोआप नव्या पत्त्याकडे वळावेत. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरणारे नाही, म्हणूनच ते यादीत तळाशी जाते, हे मी समजू शकतो.

आता शोधाविषयी. तुझ्या यादीत ‘शोध सुधारणे’ एवढे दोनच शब्द आहेत, आणि मला तर त्यात सबंध वर्षाचे काम दिसते. मंचावर ‘सोलापूर’ शोधले तर ‘सोलापूरला’ असलेले लेख सापडतात, पण ‘सोलापुरात’ आणि ‘सोलापुरी’ हे शब्द असलेले लेख सापडत नाहीत, कारण प्रत्यय लागताना मधला दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो आणि यंत्राच्या लेखी तो शब्दच निराळा ठरतो. इथल्या चादरींवरचे लेख त्यामुळे सोलापूरच्याच शोधात हाती लागत नाहीत. उपाय फार अवघड नाही: शोधाच्या सूचीत प्रत्येक शब्द नेहमीचे प्रत्यय काढून आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मिटवून ठेवावा, आणि लेखकाने लिहिलेला मूळ शब्द निराळा जपून ठेवावा. ‘दिन’ आणि ‘दीन’ अशाने एकत्र येतील. पण तंतोतंत जुळणारे लेख आधी दाखवले की कोणाची तक्रार राहणार नाही. शुद्धलेखनाबाबत बेफिकीर असणाऱ्यांचे लेखही यामुळे सापडू लागतील, हा वरचा लाभ.

दिसायला सारखी पण आतून वेगळी असणारी अक्षरे हा आणखी एक छुपा त्रास आहे. ‘सुऱ्या’ मधला अर्धा र कोणी नुक्त्याच्या ऱ ने लिहितो, तर कोणी साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातील अक्षरांच्या जागतिक सूचीत, स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्यामुळे जुन्या लेखांत ते अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेले असते, आणि युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण या दोहोंना एक मानत नाही. या जोड्यांचे कोष्टक आपल्यालाच करावे लागेल. ते मी करून देतो.

शोधाइतकीच मला भाषेची खूण महत्त्वाची वाटते, आणि ही गरज कदाचित पुण्यात बसून तितकी जाणवणार नाही. इथल्या पूर्व भागातले एक गृहस्थ आपल्या मंचावर कापडगिरण्यांच्या आठवणी लिहितात. १८७७ साली उभी राहिलेली जुनी मिल, तिचा भोंगा, नंतरचे यंत्रमाग, सगळे त्यांच्या लेखनात येते. लेख मराठीत असतो, आईची गाणी तेलुगूत, आणि मागावरच्या सोबत्याचे बोलणे कन्नडमध्ये. सध्या मंच या सगळ्यावर एकच भाषा गृहीत धरतो. वास्तविक प्रत्येक लेखाला, आणि हवे तर प्रत्येक परिच्छेदाला, भाषेची खूण लावता आली पाहिजे. तशी खूण असली की दृष्टिहीन वाचकाचा फोन योग्य उच्चारांनी वाचतो आणि तेलुगूला नीट टंक (फाँट) मिळतो. एवढेच काय, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ज्या टंकांत आहेत तेही भाषा मराठी असल्याचे सांगितल्याशिवाय बहुधा ती वळणे दाखवत नाहीत. आपली पाने त्यामुळेच हिंदी वळणाची दिसतात आणि आपण उगाच टंकाला दोष देतो.

क्रमाबद्दल एवढी कुरकुर केल्यावर, तुझ्या यादीत नसलेली एक सोय मी स्वतःहून सुचवतो: अंक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला अनेक हातांचे लेखन एका अनुक्रमणिकेखाली वाचण्याची सवय आहे, आणि मंचावर इतके लेखक असूनही आपल्याकडे तशी काही रचना नाही, फक्त ताजे लेख वर आणि शिळे खाली. समज, कोणी तीन-चार जण मिळून संपादक झाले. त्यांनी लेखकांना निमंत्रण द्यावे, लेखकाने आपल्याच ब्लॉगवर मसुदा ठेवून तो फक्त संपादकांना दाखवावा, संपादकांच्या दुरुस्त्या सूचना म्हणून समासात याव्यात आणि लेखकाने त्या स्वीकाराव्यात किंवा नाकाराव्यात. ठरलेल्या दिवशी सगळे लेख एकदम उघडावेत. प्रसिद्ध झाल्यावर अंकातला मजकूर गोठावा आणि चूक निघाली तर शुद्धिपत्र जोडावे. लेखकाच्या ब्लॉगवरची प्रत मात्र त्याला पुढेही बदलता यावी. अंकाची ईपब (ई-पुस्तकाची) फाइल मिळावी आणि तिच्यात मुक्त परवान्याचा एखादा टंक, उदाहरणार्थ ‘एक टाइप’ या टंकसंस्थेचा ‘मुक्त’, अंतर्भूत असावा. याने मंचाला जे मिळेल ते क्रमवारीने कधी मिळणार नाही. क्रमवारीत तेच दहा जण वर राहतात आणि अकरावा लिहिणे सोडतो. संपादक मात्र त्या अकराव्याला शोधून लिहायला लावतो.

दुसऱ्याच्या लेखाची दखल आपोआप कळवण्याची जी कल्पना तू लिहिली आहेस, तिच्याबाबत जपून. २००२ मध्ये आलेली अशीच सोय, ट्रॅकबॅक, जाहिरातबाजांनी अक्षरशः बुडवली. करायचेच तर वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू-३-सी या संस्थेने २०१७ मध्ये मान्य केलेले वेबमेन्शन वापर, आणि पहिल्यांदा येणारी प्रत्येक दखल ब्लॉगच्या मालकाच्या मंजुरीसाठी थांबव. कायद्याची बाजूही यादीत घाल. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ चे, म्हणजे इतरांच्या लेखनासाठी मंचाला जबाबदार न धरण्याचे, संरक्षण तुला हवे असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क मंचावर ठळक द्यावा लागतो. तो अधिकारी तूच असशील, म्हणून निदान प्रत्येक तक्रार, तिच्यावरचा निर्णय आणि त्याचे कारण यांची नोंद आपोआप होईल असे कर, आणि लेख झाकला तर लेखकाला ते कारण दिसू दे.

आवडीच्या खुणांना माझा ठाम विरोध आहे असे नाही; फक्त त्यांची संख्या लेखकापुरतीच ठेव, वाचकांना दाखवू नकोस. मुखपृष्ठाच्या रंगाबद्दल मला काहीच म्हणायचे नाही, तो तुझा आणि वहिनींचा प्रांत.

माझ्या दृष्टीने क्रम असा: होळीपर्यंत उतरवून घेण्याची सोय आणि कायमचे पत्ते, पावसाळ्यात भाषेची खूण आणि शोधाचा पहिला टप्पा, आणि गणपतीच्या आधी अंकाची चाचणी, म्हणजे दिवाळीला एक खरा अंक निघू शकेल. अक्षरजोड्यांचे आणि प्रत्ययांचे कोष्टक मी महिनाअखेर पाठवतो. तू तोवर लेखांच्या कोष्टकाची रचना आणि नमुन्यादाखल थोडे जुने लेख, लेखकांची परवानगी घेऊन, माझ्याकडे पाठव. गिरणीच्या आठवणी लिहिणाऱ्या त्या गृहस्थांनी पहिला संच आपल्यावर करून पाहायला होकार दिला आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत