समुद्री मत्स्यपेटीचा संप आधी कागदावर आखावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत घरगुती मत्स्यपेट्यांवर आलेला लेख वाचला. खाऱ्या पाण्याची पेटी म्हणजे दर आठवड्याला पाण्याची नासाडी, आणि पेटीखालचा संप ही निव्वळ हौशी माणसांची चैन, अशी दोन विधाने त्यात आहेत. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथेच मी गेली सहा वर्षे अशी पेटी सांभाळत असल्यामुळे पहिल्या विधानामागची कळकळ मला पुरती समजते. मात्र पाणी वाचवायचे असेल तर ज्याला चैन म्हटले आहे तो संपच नीट आखावा लागतो, एवढे नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

संप म्हटले की आमच्या घरी अजून एसटीचा संप आठवतो. इथे अर्थ आहे तो मुख्य पेटीखालच्या कपाटात ठेवलेल्या काचेच्या दुसऱ्या टाकीचा. वरचे पाणी ठरावीक पातळी ओलांडली की ओव्हरफ्लोच्या पेटीतून पाइपने खाली येते, गाळणी, प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढून टाकणारे उपकरण) आणि शेवाळाचा कप्पा ओलांडून शेवटच्या कप्प्यात पोहोचते आणि तिथून पंपाने पुन्हा वर चढते. बहुतेक जण संपाचे माप कपाटात उरलेल्या जागेवरून ठरवतात. मीही तेच केले होते.

माझी पेटी १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी खाली येते. पंपाच्या पाइपचे तोंड मी पाण्याखाली सहा सेंटिमीटरवर ठेवले होते. मे महिन्यातल्या एका रात्री वीज गेली, पंप थांबला आणि त्याच पाइपने सायफन होऊन पाणी उलटे वाहू लागले. तोंड उघडे पडेपर्यंत ३२ लिटर पाणी खाली आले. संपात रिकामी जागा २० लिटरची. उरलेले बारा लिटर खारे पाणी फरशीवरून विजेच्या बोर्डापर्यंत गेले होते आणि ते मला पहाटे अनवाणी पायाला कळले. नंतर पाइपला पाण्याच्या पातळीखाली एक सेंटिमीटरवर बारीक छिद्र पाडले, म्हणजे तिथपर्यंत पाणी उतरताच हवा शिरते आणि सायफन तुटतो. दुकानदार यासाठी चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप सुचवतात, पण त्यात चुन्याचा थर बसला की तो नेमका हव्या त्या वेळी बंद होत नाही. नवा संप ९० × ३५ × ४० सेंटिमीटरचा करून घेतला. तो चालू असताना पाणी २३ सेंटिमीटरवर राहते आणि वर सुमारे ५० लिटरची जागा मोकळी असते. विजेचा भरवसा नसलेल्या आमच्या भागात ही मोकळी जागा हाच संपाचा सर्वांत कामाचा भाग आहे.

आता शेवाळाचा कप्पा, म्हणजे रेफ्युजियम. भांडी घासायच्या तारेच्या गुंडाळीसारखे दिसणारे किटोमॉर्फा हे शेवाळ तिथे मंद प्रवाहात वाढते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारे नायट्रेट व फॉस्फेट ते शोषून घेते आणि मूठभर शेवाळ काढून टाकले की ते घटकही पेटीबाहेर जातात. माझा कप्पा २४ लिटरचा, म्हणजे मुख्य पेटीच्या जेमतेम दहा टक्के आहे. त्याचा दिवा मी वरचा दिवा मालवल्यावर लावतो, कारण रात्री पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढून सामू (पीएच) घसरतो आणि प्रकाशात वाढणारे शेवाळ ती घसरण काही अंशी सावरते. पूर्वी आठवड्याला पेटी आणि संप मिळून वीस टक्के, म्हणजे सुमारे ६४ लिटर पाणी बदलावे लागे. त्यासाठी पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी फेकते हे धरले, तर बोअरचे दोनशे लिटर त्यात जात. आता पंधरा दिवसांनी दहा टक्के पुरते. अर्थात मासे पाचच आहेत आणि नायट्रेट मी नियमित तपासतो. माशांची गर्दी केली तर कोणतेही शेवाळ पुरे पडणार नाही.

बाष्पीभवनाचा विषय लेखात आलाच नाही. कुलरच्या जाळीवर साचणारा पांढरा थर आपल्याकडे घरोघर दिसतो. पाणी उडते, क्षार मागे राहतात. पेटीतही तसेच घडत असल्यामुळे रोजची भर खाऱ्या पाण्याने नव्हे, आरओच्या गोड पाण्याने घालायची असते. उन्हाळ्यात पंखा लावला की माझ्याकडे दिवसाला चार लिटर पाणी उडते. वरची पातळी ओव्हरफ्लोमुळे हलत नाही, सगळी घट पंपाच्या कप्प्यात दिसते, आणि तो लहान असल्याने तिथे पाणी दिवसात जवळपास सहा सेंटिमीटर उतरते. दोन दिवस गावाला जायचे असेल तर हा कप्पा किती मोठा हवा, हे म्हणून आधीच ठरवावे लागते.

‘जिवंत प्रवाळखडक टाकल्यास संपाची गरज नाही’ हा लेखातला सल्ला मात्र गंभीर आहे. खडक उभारणारे प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते विकत घेणे आणि बाळगणे वाचकाला चांगलेच महागात पडू शकते. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक वापरता येतात.

पुरवणीत पुन्हा हा विषय आला तर संपाची आकृती मापांसह छापावी, आणि तिच्यात पाण्याच्या दोन रेषा दाखवाव्यात: एक पंप चालू असतानाची, दुसरी वीज गेल्यानंतरची.

आपला,
एक वाचक, लातूर