तुझ्या धाकट्याचा मोबाइल आणि वडगावचा भोंगा

विटा

प्रिय पश्या,

तुझा मेसेज वाचला. मोबाइल समोर नसला की धाकटा घास घेत नाही आणि त्यावरून तुझी-वहिनीची रोज खडाजंगी. “आपल्यातच संयम नाही, पोरात कुठून येणार?” हे तुझं म्हणणं काही मला पटलं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

अरे, समोरची वस्तूच संयम मोडायला घडवलेली असेल तर? पेपरला शेवटचं पान असतं. मोबाइलवरचं पान संपतच नाही. हे न संपणारं स्क्रोल अझा रास्किन नावाच्या माणसाने 2006 मध्ये बनवलं आणि पुढे त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला, तसं त्याने जाहीर सांगितलंय. अंगठा सरकवला की कधी फालतू निघतं, कधी झकास. मटक्यावाला ‘आज लागेल’ म्हणून रोज जातो, तशातली गत.

परवा आमच्याकडे जेवताना चार ताटं, चार मोबाइल, सगळे शहाण्यासारखे पालथे. एक थरथरला. आमटी वाढता वाढता हिची पळी थांबली, बाबा चष्मा चाचपू लागले, पोरगी ताठ झाली. मोबाइल माझा निघाला. कर्ज घ्या म्हणून मेसेज!

आता आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव बघ. कोविडात शाळा मोबाइलवर आली. शाळा उघडली तरी पोरांच्या हातचा मोबाइल सुटेना. 14 ऑगस्ट 2022 ला गावाने बसून ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा वाजू लागला. टीव्ही, मोबाइल बंद. 8.30 ला परत भोंगा, मग चालू. आधी लोक हसले, घरोघरी जाऊन सांगावंही लागलं.

मला आवडलं ते हे, की तिथे संयमाचं ओझं एकेकट्याच्या डोक्यावर टाकलेलं नाही. शेजाऱ्याचा बंद, म्हणून माझाही. 2014 ला व्हॉट्सअॅपवर निळ्या टिका आल्या तेव्हापासून “वाचलंस, मग उत्तर का नाही?” हा संशय आपल्या मानगुटीवर बसलाय, पण 7 वाजून गेलेत हे सगळ्यांनाच ठाऊक असेल तर रुसणार कोण? ‘लोक काय म्हणतील’ला कॉलेजात आपण किती शिव्या घातल्या, आठवतं? इथे तेच कामी आलं. धास्तीही वाटते म्हणा, उद्या काय बघायचं आणि काय नाही हेही भोंग्यावरूनच ठरायला लागलं तर? तरी एकट्या बापाने रोज रात्री पोराशी झोंबाझोंबी करण्यापेक्षा हे बरं.

तेव्हा वहिनीशी भांडणं थांबव आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला हा विषय काढ. पार्किंगच्या भांडणातून वेळ उरला तर! काय झालं ते कळव. फोनवर नको, सविस्तर लिही.

तुझा,
दिल्या